प्राइम९५ : मूळ संख्या मिळो न मिळो, मशीनचं दुखणं कळतंय

शहापूरला आमचं कॉम्प्युटर रिपेरीचं काम, त्यामुळं हे फुकटचं सॉफ्टवेअर मी टेस्टिंगपुरतंच घेतलेलं. गिऱ्हाईक येऊन "मशीन मधीच बंद पडतंय बघा की ओ" म्हणालं की टॉर्चर टेस्टमधलं (मशीनला पूर्ण ताण देणारी चाचणी) ब्लेंड, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम दोन्ही तपासणारा प्रकार, लावून सोडायचं. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत असली अवाढव्य गणितं ते मशीनकडनं करून घेतंय, उत्तर जुळलं नाही की हार्डवेअर फेल्युअर म्हणून दाखवतंय. रॅम ढिली असली तर इथं लपत नाही.

पण याचं खरं काम वेगळंच. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये गिम्प्स नावाचा प्रकल्प सुरू केला, हे सॉफ्टवेअर त्याचंच: लोकांच्या कॉम्प्युटरवर मर्सेन मूळ संख्या शोधायच्या, म्हणजे २ चा कुठलातरी घात काढून त्यातनं १ वजा. घातांक स्वतः मूळ पाहिजे, आणि एवढं करूनपण खात्री नाही, ११ घेतला तर २०४७ येतात आणि ते २३ गुणिले ८९ निघतात! आता या दोघांतनं १-१ काढा, २२ आणि ८८, दोन्हीला ११ च्या दुपटीनं भाग जातोय. अशा संख्येचा कुठलापण मूळ भाजक असाच असतो, म्हणून बाकीचे भाजक तपासत बसायचंच नाही. मला तर हे बघून लई भारी वाटलं.

भाजक सापडला नाही तरी ल्युकास-लेमर टेस्ट आहे, ती कागदावरपण होते. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. सुरुवात ४, दरवेळी वर्ग करून २ वजा, ३१ नं भागून बाकी ठेवायची: १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२, बाकी शून्य. शून्य आलं की मूळ, विषय संपला.

आताचा रेकॉर्ड ऑक्टोबर २०२४ चा, ल्यूक ड्युरंट यांचा: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, एकूण ४,१०,२४,३२० अंक, शेवटचा अंक १. बायनरीत लिहिला तर नुसते १ च १. पण तो भाड्याच्या डेटा सेंटरमधल्या ग्राफिक्स कार्डांवर, वेगळ्या सॉफ्टवेअरनं सापडलाय, आपल्या जुन्या आय-थ्रीवर ३००० डॉलरचं बक्षीस लागेल म्हणून कोणी बसू नका, करंट बिलच जास्त येईल.

करंट गेला तरी काम वाया जात नाही, दर अर्ध्या तासानं सेव्ह होतंय, आमच्याकडं हे लई महत्त्वाचं. दिसायला मात्र एकदम जुनाट, नवख्याला मेनूच कळत नाही, त्याचा एक स्टार कापला. ५ पैकी ४.

यानं मशीन लई तापतंय, म्हणून लावायच्या आधी पंख्यातली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला, आणि पातळ लॅपटॉपवर एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नको.