हस्तकलेची पेटी: पिना झकास, बर्फ कशाला?

आमची शाळा कुडाळ तालुक्यातली, दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. ‘आनंददायी शनिवार’ या शाळेतल्या उपक्रमासाठी दर वेळी नवं काय काढायचं, या विवंचनेत ऑनलाइन मिळणारी हस्तकलेची एक पेटी मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या ढिगाने मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. 16 उपक्रम, वयोगट 6 ते 10, किंमत 850 रुपये. कुरिअरवाला वाडीपर्यंत येत नाही, त्यामुळे कुडाळला जाऊन आणायची दगदग वेगळी.

आधी चांगलं सांगते. सावलीच्या बाहुल्यांचा उपक्रम एकटाच अर्धी किंमत वसूल करतो. काळा जाड पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि मागून पाय फाकवायच्या छोट्या पितळी पिना. त्या पिनेमुळे बाहुलीचा खांदा आणि कोपर खरोखर हलतो. इथल्या बाजारात मी त्या विचारल्या, तर दुकानदाराने टाचण्या पुढे केल्या. पुठ्ठ्यावर छापलेली चित्रं सिंह आणि सशाची होती. मुलांनी पुठ्ठा उलटा केला आणि दशावतारी नाटकातला राक्षस, संकासूर काढला. दशावतार पाहत वाढलेली पोरं ती! काळे कपडे आणि लाल जीभ, म्हणजे काळ्या पुठ्ठ्याला तर तो आयताच मिळाला. पण पडद्यावर सगळंच काळं दिसायला लागल्यावर दुसरीतला एकजण म्हणाला, “बाई, हेची जीब खंय हा?” मग तोंडाच्या जागी भोक पाडून मागून लाल जिलेटीन कागद चिकटवला. मागे टॉर्च धरला आणि धोतराच्या पडद्यावर जीभ लालबुंद उमटली. वर्गात जो गलका झाला, त्याने शेजारच्या खोलीतले गुरुजी बघायला आले. आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. परशुराम गंगावणे यांना 2021 साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. पण पेटीतल्या पुस्तिकेत सावलीच्या बाहुल्या कुठून आल्या, याचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

कात्र्या बोथट टोकाच्या आहेत आणि कागद बरा कापतात. फक्त सगळ्या उजव्या हाताच्या. डावखुऱ्या मुलाने ती धरली की वरचं पातं नेमकं कापायच्या रेघेवर येतं आणि रेघ दिसत नाही. वर्गात एक तरी डावखुरं मूल असतंच, हे पेटी बनवणाऱ्यांना कसं सुचत नाही?

आता बर्फ. उपक्रम क्रमांक 5: हिरव्या कागदाचं त्रिकोणी झाड, त्यावर कापसाचा बर्फ. “ह्यां झाड खंयचा?” यावर बरीच चर्चा होऊन ते किनाऱ्यावरचं सुरूचं झाड ठरलं आणि कापूस म्हणजे लाटेचा फेस. मुलांनी निभावून नेलं, कंपनीने नाही.

‘जादूचे रंग’ म्हणून लाल कोबीच्या पावडरची एक पुडी येते. लिंबू घातलं की गुलाबी, साबण घातला की हिरवट. हे अंगणातल्या लाल जास्वंदीवर फुकट होतं. पाकळी कागदावर चोळा, जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी. हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी लावलं तर लालभडक होतं (चुना मात्र बाईंनीच हाताळायचा). पुडी एका वर्गाला पुरली नाही, जास्वंद पुरून उरली.

सगळ्यात निराशा डिंकाची. आषाढात आमच्याकडे वहीची पानंसुद्धा ओलसर लागतात. त्या हवेत हा पातळ पांढरा डिंक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळत नाही, कार्डशीट वाकते आणि चिकटवलेलं घसरून खाली येतं. म्हणून लगेच पिठाच्या घरच्या खळीचे गोडवे गाणार नाही. पावसात खळीलाही बुरशी धरते. पूर्वी त्यासाठी खळीत मोरचूद घालायचे, पण ते विषारी, मुलांच्या हातात नकोच. मी पावसाळाभर चिकटकाम बंद ठेवते आणि ठशांची कामं घेते. भेंडीचा आडवा काप गेरूत बुडवला की पाकळ्यांचं फूल उमटतं. पेटीतले फोमचे ठसे याहून सुबक आहेत, पण सगळ्यांचं फूल एकसारखं येतं.

पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे. मराठीत हवी, असं कंपनीला कळवलं. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं, तेही इंग्रजीत. तोवर कुणाला या पितळी पिना सुट्या कुठे मिळतात हे ठाऊक असेल तर खाली लिहा. पेटी पुन्हा विकत घेणार नाही, पिना मात्र शंभरेक लागतील. तिसरी-चौथीलाही आता संकासूर हवाय.