कूलों की आर्से? मारे प्वातव्हँच्या कालव्यांत होडीने फिरायचं ठरवताना

फ्रान्सच्या पश्चिमेला, निऑर शहरापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे १ लाख हेक्टरांचा पाणथळ प्रदेश पसरला आहे, मारे प्वातव्हँ. फोटोंत दिसणारं ‘हिरवं व्हेनिस’ म्हणजे त्याचा पूर्वेकडचा, गर्द झाडीचा भाग. तिथे जायचं ठरलं की बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: कूलों गावात उतरायचं की आर्से गावात? कालवे एकाच पाण्याचे, होड्याही त्याच सपाट तळाच्या, तरी दोन्हीकडचा दिवस फार वेगळा जातो.

गाडी नसेल तर कूलों. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत निऑर येतं आणि तिथून कूलों जेमतेम ११ किलोमीटरवर आहे. निऑर परिसरातल्या बस २०१७ पासून सगळ्यांना मोफत आहेत, फक्त रविवारचं आणि सुट्टीचं वेळापत्रक आधी बघून घ्या. गाव सेव्र निऑर्तेझ नदीच्या काठावर. धक्के, खानावळी सगळं हाकेच्या अंतरावर, आणि या दलदलीची जडणघडण समजावून सांगणारं संग्रहालयही तिथेच. पण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी होडीमागे होडी लागते. शांततेसाठी एवढ्या लांब आलेल्या माणसाचा तेव्हा विरस होतो. त्यामुळे कूलों निवडलंत तर सकाळची पहिली होडी धरा.

आर्से आणखी आत आहे. छोटं बंदर, त्याच्या वरच्या अंगाला उभा असलेला शातो म्हणजे जुना वाडा, आणि बंदर सोडून दोन वळणं घेतली की वल्ह्याखेरीज आवाज नाही. गाडी आणि एक रात्रीचा मुक्काम जमत असेल तर माझं मत बिनदिक्कत आर्सेला. संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे परतल्यावर हे गाव खरं दिसतं. दोन्हींच्या मधला पर्याय हवा असेल तर ला गारेत बघा: एकच लांब गल्ली, आणि घरांची एक बाजू रस्त्याला तर दुसरी पाण्याला.

गावापेक्षाही जास्त विचार करायचा तो नावाडी घ्यायचा की होडी स्वतः चालवायची, याचा. पहिल्यांदा जाणाऱ्याने नावाडी घ्यावाच, असं मला मनापासून वाटतं. तो लांब काठीने तळाचा गाळ ढवळतो, बुडबुडे वर येतात, लायटर जवळ नेला की पाण्यावर क्षणभर ज्योत धावते. कुजलेल्या पाल्यातून निघालेला मिथेन तो. पण त्याहून मोलाचं असतं त्याचं सांगणं. इथे पूर्वी समुद्राचं आखात होतं. मठांतल्या साधूंनी मध्ययुगात ते बांध घालून सुकवायला घेतलं. पाच मठांनी मिळून १२१७ मध्ये खणलेला कालवा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या काळात या कामासाठी डच जाणकार आले. गोव्याची खाजनं म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, तिथले बांध आणि मानस म्हणजे पाण्याची दारं ज्यांनी पाहिलीत, त्यांना भरतीचं पाणी अडवून जमीन राखण्याची ही खटपट लगेच कळेल.

काठावरची बुंध्याशी जाड, माथा छाटलेली झाडं ॲशची. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात, छाटलेल्या फांद्या सरपणाला जातात. एका बुरशीजन्य रोगाने ही झाडं आता मरू लागली आहेत. ती गेली तर काठ ढासळतील, म्हणून जागोजागी दुसऱ्या जातींची झाडं लावली जात आहेत. नावाड्याला याबद्दल आवर्जून विचारा. माहिती बहुधा फ्रेंचमध्येच मिळते, तेव्हा इंग्रजी बोलणारा हवा असेल तर आरक्षण करतानाच सांगा.

स्वतः वल्हवण्यातली मजा निराळी, आणि ती आर्सेच्या अरुंद कालव्यांत जास्त. धक्क्यावर नकाशा मिळतो. मागे बसलेला दिशा सांभाळतो, त्यामुळे घरातल्या सर्वांत शांत माणसाला मागे बसवा. लहान मुलं किंवा पोहता न येणारं कुणी असेल तर लाइफ जॅकेट मागून घ्या. आई-बाबा सोबत असतील, गुडघ्यांची तक्रार असेल, तर मात्र कूलों आणि नावाडीच बरा. होडीत बसायच्या फळ्या खाली असतात.

मे-जून उत्तम. उन्हाळा चढला की पाण्यावर बारीक हिरव्या शेवाळपानांची साय धरते; होडी गेली की मागे काळी रेघ उमटते आणि बघता बघता मिटते. हिवाळ्यात कुरणं पाण्याखाली जातात, बहुतेक धक्के बंद असतात.

लंडन किंवा लीलहून येणाऱ्यांना एवढं खाली उतरणं जड वाटत असेल तर उत्तरेत सेंतोमेरचा पाणथळ भाग आहे. तिथे आजही फ्लॉवरची शेती होते, काही घरांना टपाल होडीने जातं. झाडीचा बोगदा मात्र तिथे मिळणार नाही, आकाश मोकळं.

शाकाहारींसाठी एक सूचना: मोजेत नावाची पांढरी घेवड्याची उसळ मागवताना डुकराचं मांस घातलंय का ते विचारा, कारण बहुतेकदा घालतात. वरून कोळशासारखा काळा दिसणारा, बकरीच्या चीजचा तूर्तो केक अंडं चालत असेल तर जरूर घ्या.