मुलाच्या शरीरात शिसे गेले आहे का, हे कोणत्या तपासणीतून कळेल?

घराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे काम चालत असेल किंवा भिंतीवरच्या जुन्या तैलरंगाचे पोपडे निघत असतील, तर घरातल्या लहान मुलाची तपासणी करावी का, हा प्रश्न पालकांना पडतो. माझ्या मते ती करावीच. शिसे मेंदूच्या वाढीला बाधा आणत असतानाही मूल बाहेरून धडधाकट दिसते, आणि पोटदुखी, बद्धकोष्ठता यांसारखी लक्षणे बहुधा प्रमाण बरेच वाढल्यावरच दिसू लागतात. अडचण आहे ती कोणती तपासणी निवडायची याची.

बोटाला टोचून घेतलेल्या दोन थेंब रक्तावर लहान यंत्राने होणारी तपासणी सर्वांत सोपी असते, कारण मूल फारसे रडत नाही आणि आकडा काही मिनिटांत हाती येतो. परंतु अंगणातल्या मातीत खेळलेल्या बोटावर शिशाची धूळ असली, तर ती त्या थेंबात मिसळून आकडा खोटाच फुगतो. म्हणून हात साबणाने नीट धुतल्याशिवाय ही तपासणी करू नये आणि आकडा जास्त आला, तर शिरेतल्या रक्तावर त्याची खात्री करून घ्यावी. अमेरिकेत 2021 पासून मुलांसाठी 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा संदर्भ आकडा धरला जातो, आणि तेथे प्रचलित असलेले असे यंत्र 3.3 च्या खालचे प्रमाण सांगूच शकत नाही. म्हणजे सीमेजवळच्या मुलाचा निर्णय त्यावर सोडणे धोक्याचे आहे.

शिरेतून रक्त काढून ते मोठ्या प्रयोगशाळेत तपासणे जास्त खर्चाचे आहे, अहवालालाही काही दिवस लागतात, आणि तान्ह्या मुलाची शीर सापडेपर्यंत आईचा जीव कासावीस होतो. तरीही निर्णय ज्यावर घ्यावा अशी तपासणी हीच आहे. तिची मर्यादा अशी की, रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्म्यावर येते, मात्र हाडांत ते वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे हा आकडा मुख्यतः अलीकडच्या संपर्काचा असतो आणि तो कमी आला म्हणून आधी काही झालेच नव्हते, असे ठरत नाही.

झिंक प्रोटोपॉर्फिरिनची तपासणी स्वस्त आहे, पण मुलांसाठी मी ती सुचवणार नाही. शिसे हिमोग्लोबिन तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यात अडथळा आणते, तेव्हा लोहाच्या जागी जस्त बसते, आणि तेच येथे मोजले जाते. अमेरिकेत पूर्वी मुलांची चाळणी या पद्धतीने होत असे. मात्र 1991 मध्ये तेथील रक्तातल्या शिशाची मर्यादा 25 वरून 10 वर आली आणि ही पद्धत मागे पडली, कारण शिसे साधारण 25 च्या पुढे गेल्याशिवाय ती इशाराच देत नाही. शिवाय लोहाच्या कमतरतेतही हाच आकडा वाढतो, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील 67 टक्के भारतीय मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. बॅटरी कारखान्यातील कामगाराच्या मागील तीन-चार महिन्यांच्या संपर्काचा अंदाज घेण्यासाठी मात्र तिचा उपयोग होतो.

केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नयेत, कारण बाहेरून चिकटलेले शिसे आणि शरीरातून केसात उतरलेले शिसे वेगळे करता येत नाही. आधी शिसे बाहेर काढणारे औषध देऊन मग लघवीतले शिसे मोजण्याचा प्रकार तर टाळावाच, कारण त्या आकड्याची तुलना करण्याजोगे प्रमाणित आकडेच उपलब्ध नाहीत.

शिरेतल्या रक्ताबरोबरच हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासून घ्यावे, कारण लोह कमी असलेले आतडे शिसे जास्त शोषून घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार रक्तातल्या शिशाचा आकडा 5 किंवा त्याहून अधिक असल्यास त्याचा स्रोत शोधून तो बंद करायचा असतो. शरीरातून शिसे बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार 45 च्या आसपास होतो, तोही रुग्णालयाच्या देखरेखीखाली. अहवाल हाती आल्यावर आधी एकक पाहावे, कारण काही प्रयोगशाळा प्रमाण प्रति लिटर देतात आणि तेथे 50 म्हणजे या लेखातले 5 असतात.