अपोलो १३: ओरडाआरडा सोडला तर एक नंबर पिक्चर

आधीच सांगून ठेवतो, अंतराळ म्हटलं की ज्याला लेझर बंदुका आणि परग्रहावरचे हिरवे लोक लागतात त्याने ह्याच्या वाटेला जाऊ नये, झोप लागेल. ह्यात व्हिलन कोण तर ऑक्सिजनची एक टाकी. टॉम हँक्स आहे, पोस्टरवर पण तोच आहे, पण माझ्या मते पिक्चर त्याचा नाहीच, तो आहे खाली ह्यूस्टनला नासाच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या त्या पांढऱ्या शर्टवाल्यांचा, सिगरेटी ओढत रात्रभर आकडेमोड करणाऱ्यांचा.

रॉन हॉवर्डचा १९९५ चा सिनेमा. घटना एप्रिल १९७० ची, जिम लॉवेल, जॅक स्वायगर्ट आणि फ्रेड हेझ चंद्रावर जायला निघाले तेव्हाची. आर्मस्ट्राँग जाऊन आल्याला अजून वर्षपण झालं नव्हतं आणि अमेरिकेतल्या लोकांना एवढ्यात कंटाळा आलेला. यानातून केलेला टीव्हीचा कार्यक्रम एकाही मोठ्या चॅनलने दाखवला नाही, हे खरंच घडलेलं आहे, आणि पिक्चरमध्ये वर तिघं कॅमेऱ्यासमोर गंमती करतायत आणि त्यांना पत्ताच नाही की आपल्याला कोणी बघत नाहीये, तो सीन बघताना पोटात कसंतरी होतं. आपण तरी कुठे वेगळे म्हणा, २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ उतरलं तेव्हा बसस्टँडवर सुद्धा लोक मोबाईल धरून उभे होते, नंतर सूर्य बघायला पाठवलेलं आदित्य यान २०२४ च्या जानेवारीत आपल्या जागेवर पोचलं ते कितीजणांना आठवतंय?

तर १३ एप्रिलला टाकी फुटते. पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटर लांब. ऑक्सिजन गेला म्हणजे नुसता श्वास गेला असं नाही, त्याच ऑक्सिजनवर यानाची वीज आणि पाणी बनवणारे फ्युएल सेल चालायचे, म्हणजे वीज पण गेली आणि पाणी पण गेलं. मग मुख्य यान बंद करून तिघं जातात चंद्रावर उतरायच्या यानात, जे बांधलंय दोघांसाठी आणि साधारण दोन दिवसांसाठी, आणि घरी पोचायला लागणार चार दिवस.

ऑगस्ट २०२५ मध्ये लॉवेल गेले, ९७ वर्षांचे होते, म्हणून भाच्याने हा पिक्चर चवथीला, म्हणजे गणपतीत, मूळघरी लावला. आरत्या, भजन सगळं आटपून, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा मध्ये ठेवून. आमचे काका वीज खात्यातून रिटायर झालेले, इंग्लिश पिक्चर म्हटल्यावर पंधरा मिनिटांत उठून झोपायला जाणारा माणूस. पण पिक्चरमध्ये तो इंजिनिअर उभा राहून सांगतो ना, की उतरायचं यान ६० अँपिअर खातंय आणि ते १२ वर आणलं नाही तर बॅटऱ्या वाटेतच संपणार, तिथे काका एकदम सरसावून बसले. "व्होल्टेज किती रे त्यांचं?" मी म्हटलं २८ डीसी. "म्हणजे साडेतीनशे वॅटसुद्धा नाही झाले. अरे, आपला मिक्सर ह्याच्यापेक्षा जास्त खातो." मग मात्र माणूस शेवटपर्यंत हलला नाही, वर प्रत्येक बटण बंद झालं की "हां, हे बरं केलं" चालू.

पिक्चरची खरी ताकद हीच आहे. हिशेबाचा थरार. हीटर बंद, कॉम्प्युटर बंद, दिवे बंद, आत तापमान तीन-चार डिग्रीपर्यंत उतरलंय, प्यायला माणशी रोजचं २०० मिली पाणी, आणि ह्या सगळ्यात भाषणं नाहीत, देशभक्तीची गाणी नाहीत, फक्त कागद आणि पेन्सिल. ती फिल्टरची भानगड तर कितीही वेळा बघा. तिघांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढत चाललाय, मुख्य यानातले फिल्टर चौकोनी, ह्या यानातली भोकं गोल. एक माणूस टेबलावर खोकंभर सामान ओततो, यानात जेवढं आहे तेवढंच, नळ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तकांचे पुठ्ठे, चिकटपट्टी, आणि म्हणतो ह्यातूनच चौकोनी वस्तू गोल भोकात बसवायचीय. पुढचं काही सांगत नाही, पण कॅमेरा त्या टेबलावरून हलत नाही हे मला फार आवडलं. दुसरा कोणी डायरेक्टर असता तर तिथे म्युझिक वाजवून रडणारी बायको दाखवली असती.

बायको आहे तशी, आणि चांगली आहे. कॅथलीन क्विनलनने मॅरिलिन लॉवेलचं काम केलंय ते जराही रडकं नाही, आणि ऑस्करला तिचं नॉमिनेशन झालेलं ते उगाच नाही. लॉवेलची म्हातारी आई म्हणजे डायरेक्टरची स्वतःची आई, तिचा तो वॉशिंग मशीनवाला डायलॉग आला तेव्हा आमच्याकडच्या सगळ्या मावश्या-वहिन्या खो खो हसल्या, ज्यांना तोपर्यंत पिक्चरमधलं निम्मं कळत नव्हतं त्यासुद्धा.

एड हॅरिस फ्लाइट डायरेक्टर जीन क्रँझ झालाय. बायकोने शिवून दिलेलं पांढरं वेस्टकोट घालून उभा राहतो (खरा क्रँझ पण तसंच घालायचा) आणि आवाज फारसा न चढवता अख्खी खोली हलवतो. हँक्सपेक्षा सरस काम, वाद घालायचा असेल तर या. आणि गॅरी सिनीज झालाय केन मॅटिंगली, ज्याला जर्मन गोवरची लागण होईल म्हणून ऐनवेळी काढून त्याच्या जागी स्वायगर्टला घेतलं आणि लागण शेवटपर्यंत झालीच नाही. तो खाली सिम्युलेटरमध्ये तशाच थंड अंधारात बसून बंद पडलेलं यान परत चालू कसं करायचं त्याचा क्रम शोधतो. फक्त इथे पिक्चरने थोडी लबाडी केलीय, हे काम प्रत्यक्षात ह्यूस्टनमधला इंजिनिअर जॉन एरन आणि बऱ्याच जणांचं होतं, मॅटिंगली त्यातला एक, पण पडद्यावर सगळं एकाच्या खात्यात टाकलंय. चालतं, दोन तास वीस मिनिटांत किती माणसं दाखवणार.

जे चालत नाही ते वेगळं. मधे स्वायगर्ट आणि हेझचं जोरात भांडण आहे, तुझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं, आणि लॉवेल दोघांना गप्प करतो. असं काही झालंच नव्हतं. लॉवेलनेच नंतर सांगितलंय. वर स्वायगर्ट म्हणजे कोणीतरी शेवटच्या क्षणी घुसवलेला कच्चा गडी असं वाटत राहतं, सुरुवातीपासून त्याच्याकडे संशयाने बघणं चालू, पण हा माणूस त्या यानाच्या बिघाडात काय करायचं त्या प्रोसिजर्सवर काम केलेला, त्या विषयातला जाणकार होता. मला खरंच राग आला. मेलेल्या माणसावर असा डाग कशाला, आणि तो पण ड्रामा कमी पडत नसताना? इतका गारठा, एवढी कमी हवा, हेझला ताप भरलेला, आणि ह्यांना वाटलं की पब्लिकला भांडण लागतं. शेवटी यान वातावरणात शिरतं तेव्हा रेडिओ बंद असतो ती वेळ पण बरीच ताणलीय, खरं तर ठरल्यापेक्षा दीडेक मिनिटच उशीर झाला होता. पण ते ताणणं मी माफ केलं, कारण तेव्हा आमच्या ओसरीवर नेवरी चावायचा आवाज सुद्धा येत नव्हता.

आणि एक बारकी चूक, डिप्लोमावाल्यांसाठी. लॉवेल वरून आकडे सांगतो आणि खाली तीन-चार जण स्लाइड रूल (हिशेबाची सरकती पट्टी) सरकवून हिशेब बरोबर म्हणून अंगठे दाखवतात. अहो, ती बेरीज-वजाबाकी आहे, स्लाइड रूलवर गुणाकार-भागाकार करतात. दिसायला मात्र झकास दिसतं.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. टाकी का फुटली, ते पिक्चर शेवटी दोन वाक्यांत गुंडाळतो, आणि खरी गोष्ट तर तीच आहे. टाकीच्या हीटरला थर्मोस्टॅटचा स्विच होता, तो २८ व्होल्टसाठी बनवलेला. नंतर ठरलं की जमिनीवर टेस्टिंगला ६५ व्होल्ट देऊया, सगळं बदललं, स्विच बदलायचा राहिला. उड्डाणाआधी एका टेस्टमध्ये टाकी नीट रिकामी होईना, म्हणून आठ तास हीटर चालू ठेवून ऑक्सिजन उकळवून काढला. स्विचचे पॉइंट चिकटले, हीटर बंद होईना, आत पाचशे डिग्रीच्या वर गेलं आणि बाहेरचा काटा तीसच्या पुढे दाखवतच नव्हता. वायरीवरचं टेफ्लॉन जळालं. मग अंतराळात टाकी ढवळायला पंखा चालू केला, ठिणगी पडली, खेळ खल्लास. हे मी काकांना पिक्चर संपल्यावर सांगितलं तर ते म्हणाले, "पॉइंट चिकटणारच. कागदावर बदललं आणि जाग्यावर नाही बदललं, आमच्या खात्यात हेच बघत आयुष्य गेलं." ह्यावर अर्धा तास जास्त दिला असता ना रॉनबाबा, त्या भांडणाच्या जागी.

बनवलंय मात्र जबरदस्त. वजनरहित सीन खऱ्या नासाच्या विमानात, ते विमान आकाशात वरखाली झेपा घेतं तेव्हा एका वेळी पंचवीसेक सेकंद मिळतात, तेवढ्यात शॉट घ्यायचा, अशा सहाशेच्या आसपास झेपा घेतल्या. म्हणून त्यांचे केस, पेन, थेंब सगळं खरं तरंगतं. रॉकेट उडतानाची एकही जुनी नासाची फिल्म वापरलेली नाही, सगळं मॉडेल आणि कॉम्प्युटरवर केलंय, आणि आजही ते खोटं वाटत नाही, आत्ताचे कित्येक पिक्चर वाटतात. जेम्स हॉर्नरचं म्युझिक उड्डाणाला अंगावर काटा आणतं. ऑस्कर मिळाले एडिटिंगला आणि साऊंडला, बरोबर मिळाले. शेवटी जहाजावर हँक्सशी हात मिळवणारा कॅप्टन बघायला विसरू नका, तो खरा जिम लॉवेल आहे.

सबटायटल लावूनच बघा, बोलणं भराभर आहे आणि निम्मे शब्द आद्याक्षरांचे. दहा-बारा वर्षांच्या पोरांना चालेल, त्याखालची कंटाळतील, आमची दोन पहिल्या तासातच माटोळीखाली (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती चौकट) झोपली. आणि घरात कोणी वायरमन, फिटर, इलेक्ट्रिशियन असेल तर त्याला बाजूला बसवा.