सुपरनोव्हा अवशेषांसाठी चंद्रा की क्रिझम?

सुपरनोव्हाच्या, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याच्या, अवशेषातील कोट्यवधी अंश तापलेला वायू प्रामुख्याने क्ष-किरणांत उजळतो. हे किरण पृथ्वीचे वातावरण शोषून घेत असल्यामुळे त्यांच्या निरीक्षणासाठी दुर्बीण अवकाशातच हवी. १९९९ मध्ये प्रक्षेपित झालेली नासाची चंद्रा ही दुर्बीण आणि २०२३ मध्ये जपानने नासाच्या सहभागाने सोडलेली क्रिझम यांची बलस्थाने मात्र पूर्णपणे वेगळी आहेत.

चंद्राची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता, सुमारे अर्धा आर्कसेकंद आहे (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). तिच्या आरंभीच्याच चित्रात कॅसिओपिया ए या अवशेषाच्या मध्याजवळचा बिंदुवत स्रोत दिसला, आणि काही वर्षांच्या अंतराने घेतलेली चित्रे ताडून पाहिली की स्फोटातून बाहेर पसरणारी धक्कालहर आकाशात किती सरकली हेही मोजता येते.

क्रिझमची प्रतिमा त्यामानाने फारच धूसर असते, पण तिच्या ‘रिझॉल्व्ह’ उपकरणातील संवेदक निरपेक्ष शून्यापेक्षा केवळ ०.०५ अंश वर ठेवलेला असून, आदळणाऱ्या प्रत्येक फोटॉनने (किरणाच्या कणाने) वाढणाऱ्या सूक्ष्म तापमानावरून त्याची ऊर्जा सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे ऊर्जेचे एकक) अचूक सांगतो. चंद्राच्या सीसीडी (कॅमेऱ्यातल्यासारख्या चिपच्या) संवेदकांना लोहाच्या रेषांपाशी, म्हणजे लोह ज्या ठराविक ऊर्जांचे किरण सोडते तिथे, शंभराहून अधिक इलेक्ट्रॉनव्होल्टची संदिग्धता राहते. किरण ऊर्जेनुसार पसरवणाऱ्या तिच्या जाळ्या सूक्ष्म वर्णपट देतात खऱ्या, परंतु पसरट अवशेषात तो पुसट होतो. वायूच्या वेगामुळे या रेषांची ऊर्जा किंचित सरकते. म्हणूनच मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतील एन१३२डीसारख्या अवशेषात लोह आपल्या दिशेने किती वेगाने येते वा दूर जाते, हे विचारायचे असेल तर मी निःसंशय क्रिझम निवडेन. मात्र रिझॉल्व्हच्या संवेदकापुढील झडप न उघडल्याने कमी ऊर्जेचे किरण अडतात, त्यामुळे ऑक्सिजनच्या अभ्यासासाठी रिझॉल्व्ह उपयोगी पडत नाही.