चिमणीवरच्या प्लेटा की वाफेचं टर्बाइन?

वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज काढायची म्हटली, तर आमच्यासारख्या लहान सरकी-तेल गिरणीपुढे दोनच रस्ते उरतात. चिमणीला थर्मोइलेक्ट्रिक प्लेटा बसवायच्या, नाहीतर वाफेचं प्रेशर उतरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी बॅकप्रेशर टर्बाइन घालायचं, म्हणजे वाफेवर फिरून तीच वाफ कमी प्रेशरने पुढच्या कामाला सोडणारं. ओआरसी युनिटचा (पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवावर टर्बाइन फिरवणारं यंत्र) विचार मी फार केला नाही; तो मोठ्या कारखान्यांचा पसारा आहे.

प्लेटांची मला मनापासून ओढ होती. एक बाजू तापलेली, एक गार, त्या फरकातून वीज, मध्ये हलणारा एकही भाग नाही. 1821 मध्ये सीबेक या शास्त्रज्ञाला दिसलेला हा परिणाम. 1977 मध्ये सुटलेली व्हॉयेजर अवकाशयानं अजून त्याच्याच जोरावर वीज मिळवतात. आमची चिमणी 200 अंशांच्या पुढे असते. 24 प्लेटा लावल्या, त्यांच्या पाठीला पाणी फिरणारे ॲल्युमिनियमचे ब्लॉक. जानेवारीत 40 वॅटच्या आसपास मिळायचे. पॅनेल रूममधले दिवे त्यावर लागले, तेव्हा फार बरं वाटलं होतं.

त्या वर्षी सरकी भरपूर होती, गिरणी मेपर्यंत चालली. पारा 45 वर. वीज निम्म्यावर आली म्हणून मी कनेक्शन तपासत बसलो, तर फायरमन टाकीत हात घालून म्हणाला, "भाऊ, आठे पानीच उनं शे." खरंच होतं. गार बाजूच गार राहिली नव्हती. या प्लेटांचं गणित असं, की दोन बाजूंतला फरक निम्मा झाला तर वीज निम्मी नाही, चौथाई होते. त्यात आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. ब्लॉकच्या आत पांढरा थर धरायचा, दर तीन आठवड्यांनी उघडून ॲसिडने धुवायचं. चिमणीची धग सगळे बघतात, गार बाजूचं कोणी विचारत नाही. माझा निर्णय तिथेच झाला.

टर्बाइनला गार पाण्याची वेगळी बाजू लागतच नाही. बॉयलर साडेदहा किलो प्रेशरवर वाफ देतो, सरकी शिजवायच्या केटलला तीन किलो पुरतात. मधला उतार व्हॉल्व्ह नुसता वाया घालवायचा. आता त्या उतारावर टर्बाइन फिरतं आणि पुढे वाफ केटलला जातेच. ताशी दोन टन वाफेवर आम्हाला 30 किलोवॅटच्या आसपास मिळतात, जानेवारी असो की मे. पांढरा कोळसा (काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) थोडा जास्त लागतो, आणि ओली वाफ पात्यांना खाते, म्हणून वाफेतलं पाणी वेगळं काढणारा सेपरेटर हवाच. आमचा इंडक्शन जनरेटर लाइन गेली की तोही थांबतो, हे मला अजून खटकतं. वाफेची मागणी दिवसभर सारखी नसेल, तर मी आग्रह करणार नाही.

प्लेटा काढलेल्या जागी इकॉनॉमायझर बसवला, म्हणजे चिमणीच्या धगीवर बॉयलरचं पाणी तापवणारं यंत्र. फीडवॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, सहा अंशांनी जास्त तापलं की साधारण एक टक्का जळण वाचतं. चिमणीतल्या उष्णतेला हे काम जास्त मानवतं, असं माझं मत झालं आहे.

डाळमिलवाल्यांकडे नुसती भट्टी असेल, वाफच नसेल, तर त्यांच्यापुढे प्लेटाच उरतात. जरूर घ्याव्यात. पण घेण्याआधी मे महिन्यात दुपारी दोन वाजता टाकीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवून बघावा.