खांद्याचं पातं तपासताना : टेप की नजर?
फोंड्यात माझ्याकडे माडावर चढणारे पाडेली येतात; हात वर नेला की खांदा दुखतो. खांद्याचं पातं नीट हलतं का हे पाहायला टेपनं कण्यापासून पात्याच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर हाताच्या 3 स्थितींत मोजतात. दोन बाजूंत 1.5 सेंटिमीटरहून जास्त फरक म्हणजे पात्याच्या हालचालीत दोष, असं धरतात. पण असा फरक निरोगी माणसांतही सापडतो, म्हणून माझा भरवसा नजरेवर. शर्ट काढायचा, 68 किलोंखालच्यांनी प्रत्येक हातात 1.4 किलोचं वजन, बाकीच्यांनी 2.3 किलोचं घ्यायचं, हात 5 वेळा समोरून, 5 वेळा बाजूनं वर. दोष असेल तर हात खाली येताना पात्याची आतली कड पाठीतून उचलली जाते, ती तिथंच दिसते. मग ते हात वर नेताना पात्याला मी हातानं आधार देते. त्यानं दुखणं कमी झालं तर भिंतीवरचे पुश-अप त्याच दिवशी सुरू.